एकशे साठ ग्रॅम डाळ

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट आठ आहे. पहिली ते चौथी सगळी मिळून आठ पोरं, दोन शिक्षक आणि एक काकी. काकी म्हणजे पोषण आहार शिजवणारी. कागदावर तिचं नाव ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. सकाळी साडेदहाच्या सुमारास ती डाळ मोजते. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. म्हणजे आठ जणांना डाळ १६० ग्रॅम. काकीच्या स्टीलच्या पेल्यात ती काठाखाली बोटभर राहते. परवा पेला माझ्यापुढे धरून म्हणाली, “बाय, ह्या आठ पोरांचा वरण. वरण खयचा, पिवळा पाणी म्हण.” आणि मग पिशवीतून आणलेली घरची मूठभर तूरडाळ तिने त्यात टाकली. रोज टाकते. शाळेत तांदळाची नोंदवही आहे, चव नोंदवही आहे, पण या मुठीची नोंद कुठेच नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून हे दिसतं. शिवाय शाळेजवळच माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे आहाराचा प्रत्येक शासन निर्णय आधी माझ्या प्रिंटरमधून बाहेर पडतो आणि मग मुख्याध्यापकांच्या फाइलीत जातो. छापता छापता वाचायची सवय लागली.

गेल्या पावसाळ्यात तालुक्याहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या, पालकांना ‘आरोग्यदायी डबा’ समजावून सांगायला. चांगलं बोलल्या. रंगीत भाज्या, कडधान्य, फळ, कमी साखर. शेवटी म्हणाल्या, “मुलाचं आरोग्य हे आईच्या हातात असतं.” समोर बसलेल्या अकरा बायकांनी एकदम माना खाली घातल्या. मीही घातली. त्या सकाळी माझ्या मुलीने चहात बेकरीचं कडक बटर बुडवून खाल्लं होतं आणि ते मला त्याच क्षणी आठवलं. घरी येताना मात्र त्या वाक्याचा राग यायला लागला. तो अजून गेलेला नाही.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपण नेहमी चुकीच्या टोकाकडून विचारतो. शेवटी जिच्या हातात पळी असते तिला धरतो: घरी आई, शाळेत काकी. मला वाटतं, विचारायचं ते एवढंच: निवडायची मोकळीक कोणाला आहे आणि त्या निवडीचे पैसे कोणाकडे आहेत? ज्याच्याकडे दोन्ही आहेत, जबाबदारी त्याची. ज्याच्याकडे एकच आहे, त्याची अर्धी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यापुढे व्याख्यान देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

हा हिशेब काकीला लावून बघा. तांदूळ सरकारी गोदामातून येतो. डाळ, तेल, मीठ, मसाला ठरलेल्या पुरवठादाराकडून येतो, येईल तेव्हा. पाककृती शासन निर्णयात येतात. शाळेच्या हाती रोख उरते ती इंधन आणि भाजीपाल्यापुरती. काकीला महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. दिवसाचे शंभरेक पडतात. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ती चूल पेटवते, शिजवते, वाढते, भांडी घासते, आणि खिचडी पातळ झाली की बोलणी खाते. घरची डाळ आणून घालणारी या साखळीतली ती एकटीच.

आता दर. मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे रोजचा आहार खर्च ६ रुपये ७८ पैसे ठरला आहे, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. तांदूळ वेगळा, तो फुकट. आठ मुलांचे होतात ५४ रुपये २४ पैसे. तालुक्याच्या शाळेत पट दोनशे असेल तर तिथे साडेतेराशे रुपयांचा व्यवहार होतो, भाजीवाला घाऊक भाव देतो, सिलिंडर पुरून उरतो. आमच्याकडे आठ मुलांसाठीही तीच शेगडी, तोच कुकर, जवळपास तेवढाच गॅस. सिलिंडर आठ-नऊशेचा, आणि चारशे ग्रॅम भाजी घाऊक कोण देणार? पावशेर भेंडी नि दोन कांदे आणायला बाजारात जायचं तर रिक्षाचं भाडं भाजीपेक्षा जास्त होतं.

आणि आमच्यासारख्या शाळा कोकणात अपवाद नाहीत. डोंगराच्या कुशीत वाड्या विखुरलेल्या, तरुण घरं मुंबईला, मागे आजी-आजोबा. वीसच्या आतला पट इथे नेहमीचा आहे. ज्या योजनेचा सगळा हिशेब डोई मोजून होतो, ती योजना अशा शाळेत पोचेपर्यंत पातळ होतेच. इथे प्रति विद्यार्थी दराच्या जोडीला प्रति शाळा किमान रक्कम हवी. एवढी साधी गोष्ट; पण ती मुंबईत बसून दिसत नाही आणि आम्ही कधी नीट मागितली नाही. आम्ही मागतो ते शाळेला पत्रे, कंपाउंड, गेट.

योजना वाईट नाही, उलट फार मोठी आहे, हेही सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९९५ ला ती सुरू झाली तेव्हा शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. तो तांदूळ खताच्या रिकाम्या पिशवीतून घरी न्यायचो आणि घरात तो सगळ्यांच्या भातात जायचा, माझ्या वेगळ्या वाट्याला काही यायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की शाळेत शिजवलेलं गरम जेवण द्या. त्यानंतर शाळांच्या पडव्यांत चुली पेटल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. २०२१ मध्ये नाव बदलून ‘पीएम पोषण’ झालं, आमच्याकडे अजून ‘खिचडी’च म्हणतात. आमच्या वाडीत आणि शेजारच्या वाडीत मानपानावरून बोलणं बंद आहे, देवळाची पंगत दोन ठिकाणी बसते. पडवीतली खिचडीची पंगत मात्र एकच. त्यामुळे ‘फुकटचं कशाला खातोस, घरी ये’ असं पोराला सांगणारे पालक बघितले की मला चीड येते. आपलं पोर उठवून नेलं की आपलं लक्षही उठतं, आणि मग डाळीत पाणी किती, हे बघायला कोणी राहत नाही.

हिशेबातली एक गंमत मला बरीच उशिरा कळली. प्राथमिकच्या ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियम आहे. १०० ग्रॅम तांदळातूनच साडेतीनशेच्या आसपास उष्मांक येतात. बारातली सात-आठ ग्रॅम प्रथिनंही तांदळातलीच, चारेक डाळीतली. म्हणजे कागदावर सगळं जुळतं आणि ताटात भाताचा डोंगर नि त्यावरून ओघळणारं पिवळं पाणी असतं. भात आमच्या पोरांना घरीही मिळतो. त्यांना कमी पडतं ते भातावर घालायचं.

म्हणून अंड्याचं महत्त्व. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे त्या दिवसाच्या डाळीपेक्षा जास्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ. आमच्याकडे बुधवार ठरला, कारण सोमवार, गुरुवार, शनिवार कोणा ना कोणाचा वार असतोच. त्या बुधवारी पोरं साडेअकराला काकीच्या दारात उभी राहायची. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवा कागद माझ्या प्रिंटरमधून बाहेर आला. अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही; द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. नाचणी सत्वाचंही तसंच, ऐच्छिक.

लोकसहभाग हा शब्द मला एकेकाळी आवडायचा. आता तो ऐकला की समजते, कोणीतरी हात झटकले. तामिळनाडूतली मुलं २०१० पासून आठवड्याला पाच अंडी खातात, आणि २०२२ पासून तिथे सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू झाला. तिथलं सरकार ते अर्थसंकल्पात लिहितं. आमच्याकडे ते मुख्याध्यापकांनी गावात फिरून गोळा करायचं. आमचे गुरुजी दोन घरी गेले, तिसऱ्या घरी चहा घेऊन परत आले. त्यांना मागता येत नाही, आणि त्यांनी का मागावं? शिकवायला नेमलेला माणूस अंड्यांची वर्गणी काढत फिरतो, यात शोभा कोणाची गेली?

कोकणात लोकसहभाग म्हणजे शेवटी मुंबई. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. मे महिन्यात आणि गणपतीत ही माणसं येतात, गावावर जीव टाकतात, यात शंका नाही. आमच्या मंडळाने देवळाला संगमरवर घातला, शाळेला मोठा टीव्ही दिला, त्यावर मंडळाचं नाव रंगवलं. अंड्यासाठी विचारलं तर मंडळाच्या एका काकांनी मनापासून सांगितलं, “अगो, अंड्यावर नाव खय घालतलो?” सगळे हसले. मीही हसले. पण विचार केला तर त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. देणगी दिसणाऱ्या वस्तूला मिळते, आणि अन्न दुपारी दोनला संपतं. म्हणूनच ते देणगीवर ठेवायचं नसतं.

आता माझी पाळी. माझं दुकान शाळेच्या फाटकापासून साठ पावलांवर आहे, मी मोजली. माझ्या पावलाने ते चाळीसेक मीटर भरतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना जास्त तेल, मीठ, साखर असलेलं खाणं विकायचं नाही, त्याची जाहिरातही करायची नाही. झेरॉक्सवर माझं भागत नाही. दुकानाच्या दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. दर दिवशी दहा-बारा पुड्या जातात, त्यातल्या निम्म्या शाळेतल्या पोरांच्या. एक माझ्या मुलीची.

नियम आला तेव्हा कोणी मला सांगायला आलं नाही, विचारायलाही नाही. जिल्ह्यात अन्न निरीक्षक किती, त्यांच्याकडे गावं किती, हे बघितलं तर कोणी येणारही नाही. आणि समजा आले, माझ्या माळा उतरवल्या, तर पोरं ऐंशी पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जातील. माझं नुकसान होईल आणि पोरांचं काही बदलणार नाही. अशा वेळी ‘दुकानदाराची जबाबदारी’ म्हणायला सोपं जातं. पण मोकळीक मला आहे, हे मी नाकारू शकत नाही. मी काय लटकवते हे मीच ठरवते. मग गेल्या दिवाळीनंतर मी खालच्या दोन माळा काढल्या, म्हणजे पोरांच्या डोळ्यांसमोरच्या, आणि तिथे भाजलेले शेंगदाणे नि चण्याच्या पुड्या लावल्या. खरं सांगते, खप निम्म्यावर आला. वरच्या माळा अजून आहेत. पोरं मान वर करून बोट दाखवतात.

पाच रुपयांची पुडी स्वस्त आहे, दिसायला चकचकीत आहे, सादळत नाही, सहा महिने टिकते. पाच रुपयांत केळं येतं, पण ते दुसऱ्या दिवशी काळं पडतं आणि तोटा माझा. पुडी खपली नाही तर कंपनीचा माणूस परत नेतो, केळं कोण परत नेतं? मुलाच्या हातात काय पडावं हे असं बाजारात ठरतं, आणि त्याच बाजारात उभी करून आईला विचारतात, तू काय शिकवलंस?

घरच्या खाण्याचंच बघा. आमच्या लहानपणी सकाळी उकड्या तांदळाची पेज असायची, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा खोबऱ्याची चटणी. त्याला कोणी पौष्टिक म्हणत नव्हतं, ती गरिबाची न्याहारी होती. आज पेज करायला उकडा तांदूळ विकत आणावा लागतो, कारण शेत ओसाड आहे. शेत ओसाड आहे कारण कसायला माणूस नाही, आणि जे कसतात त्यांचं रानडुकरं नि वानरं खातात. परसात वाल, पडवळ, भेंडी लावली तर वानरांची टोळी एका सकाळी साफ करते. रेशनवर मिळतो तो पांढरा तांदूळ. त्यामुळे चहा-बटर. हे आईच्या आळसातून आलेलं नाही. आईला सातच्या एसटीने काजूच्या कारखान्यात जायचंय, आजीला गुडघ्यांमुळे चुलीपाशी बसवत नाही, आणि बटरची पिशवी चाळीस रुपयांत आठवडाभर पुरते.

तांदळावरून आठवलं. पोषण आहाराच्या तांदळात काही वर्षं पोषणमूल्य वाढवलेले दाणे मिसळले जात होते, शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. साध्या तांदळाहून ते किंचित वेगळे दिसतात, धुताना वर तरंगतात. आमच्या काकीने सहा महिने ते दाणे निवडून, वेचून फेकले. प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला होता. तिने किती निगुतीने वेचले असतील! गावभर बायका हेच करत होत्या. हजारो टन तांदळात लोह मिसळण्याची यंत्रणा उभी राहिली, पण पेला धरणाऱ्या बाईला दोन वाक्यं सांगायला कोणाला वेळ झाला नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, “परिपत्रकात होतं.” परिपत्रक मीच छापलं होतं. मीही तिला सांगितलं नव्हतं.

मासळीचं काय? किनाऱ्यावरच्या पोराची खरी प्रथिनं मासळीतून येतात आणि शाळेच्या ताटात ती कुठेच नाही. ताजी मासळी शाळेत शिजवा, असं मी म्हणत नाही; काटे, वास, टिकाऊपणा, सगळे प्रश्न आहेत. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे शाळा उघडते तेव्हाच बाजार रिकामा. पण आपल्याकडे यासाठीच सुका जवळा आहे, सुकट आहे. जवळा सालासकट खातात, त्यामुळे त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही. कुळथाची पिठी आहे. नाचणी आहे, जिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. २०२३ साल भरडधान्यांचं म्हणून जगभर साजरं झालं, आमच्या शाळेतही रांगोळी काढली. दीड वर्षात नाचणी सत्व ऐच्छिक झालं. डोंगर उतारावरची नाचणी पेरणारे अजून थोडे उरलेत, आणि बचत गटाच्या बायका सत्व करून शहरात विकतात. गावच्या शाळेला ते विकता येत नाही, कारण शाळेच्या खरेदीचं दार पुरवठादाराच्या अंगणात उघडतं.

आणि डब्याची शाळा. आमच्या वाडीतली पाच पोरं पिवळ्या बसने तालुक्याच्या खाजगी इंग्रजी शाळेत जातात. विनाअनुदानित म्हणजे पोषण आहार नाही, डबा. तिथे सूचना आली की डब्यात मासळी, अंडं आणू नये, इतर मुलांना वास येतो. मासे मारून पोट भरणाऱ्या घरातलं पोर त्याच समुद्रापासून तीन किलोमीटरवर आपलं जेवण लपवायला शिकतं. त्या पोराची आई आता डब्यात नूडल्स देते. नूडल्सचा वास चालतो. त्याच शाळेत वर्षातून एकदा ‘पौष्टिक डबा’ स्पर्धाही होते. तिथे निवड शाळेने केली, तर जबाबदारीही शाळेने घ्यायला हवी. ती घेणार नसेल तर निदान डब्यात डोकावू नये.

‘आईबापांनी बघायला नको का?’ असं कोणी विचारेल. नक्की बघायला हवं. पोराच्या हातात सकाळी पाचचं नाणं ठेवून कटकट मिटवणारे आपणच. जेवताना मोबाइल लावून देणारे आपण. सणाला खाजं, लाडू एकदा खाणं वेगळं आणि रोज पुडी वेगळी, हे सांगायची मोकळीक आपल्याला आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. पालकसभेला न येणारे, आले तर गेटच्या रंगावर तासभर बोलणारे आपण. चव नोंदवहीत पालकाच्या सहीसाठी रकाना आहे. आमच्या वहीत तिथे महिनोन् महिने माझीच सही. काही सह्या मी न चाखता केल्या आहेत, तेही सांगून टाकते. ही आपली अर्धी जबाबदारी. पण ती पूर्ण पार पाडली तरी डाळ १६० ग्रॅमच राहते.

जपानने १९५४ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा केला. त्यात कामाची वाटणी आहे: स्वयंपाकघर आणि माणसं शाळा चालवणाऱ्या संस्थेची, जिनसांचा खर्च पालकांचा. ती वाटणी आपल्याला जशीच्या तशी लागू नाही, आमचे पालक जिनसांचा खर्च देऊ शकणार नाहीत आणि देऊही नये. मला त्यातलं आवडतं ते एवढंच की कोणाचं काय, हे आधी लिहून ठेवलंय. आपल्याकडे केंद्र राज्याकडे बघतं, राज्य लोकसहभागाकडे, लोक मुंबईकडे, मुंबई देवळाकडे. आणि आठवीनंतर तर कोणीच कोणाकडे बघत नाही, कारण योजनाच आठवीपर्यंत आहे. नववीतली मुलगी आणखी लांबच्या हायस्कुलात चालत जाते, वाढीच्या ऐन वयात, आणि नेमकं त्याच वर्षी तिचं दुपारचं जेवण बंद होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय होता. त्यांना शाळेत लोहाची गोळी देतात, बऱ्याचदा रिकाम्या पोटी. मळमळतं म्हणून मुली ती खिडकीतून फेकतात. आमच्या हायस्कूलच्या मागे पावसाळ्यात गोळ्यांचे ओघळ दिसतात.

मला काय हवं आहे, ते सांगते. छोट्या शाळेला पटावर न मोजता किमान रक्कम. धान्यादी मालापैकी निदान नाचणी, कुळीथ, अंडी शाळेने गावातल्या बचत गटाकडून घ्यायची मुभा. काकीला निदान रोजगार हमीएवढी मजुरी. दहावीपर्यंत जेवण. यातलं एकही आईच्या हातात नाही. आणि गावाच्या हातात असलेलं एक काम आहे, त्यासाठी मी गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत गेले.

हिशेब सोपा आहे. आठ पोरं, आठवड्याला एक अंडं, सात रुपये धरले तर ५६ रुपये. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाचे २,२४०. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून द्या, म्हटलं. अर्ज माझाच, छपाई माझीच, तीन प्रती.

ग्रामसेवक भला माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला, रजिस्टर उघडलं, मागच्या दोन वर्षांचं पान दाखवलं: खुर्च्या, पाण्याचा फिल्टर, खुर्च्या. मग पेनाचं टोपण दातात धरून बराच वेळ पानाकडे बघत बसला. म्हणाला, “ताई, देऊक हरकत नाय. पण अंडी ही वस्तू कुठल्या हेडखाली टाकू, ता सांगा. खुर्चीचा टॅग नंबर असता. अंड्याचा काय घालू?”

अर्ज १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आहे, नववा विषय. आठवा विषय देवळाच्या कमानीचा आहे, त्यामुळे नवव्यापर्यंत किती लोक थांबतील ते बघायचं. काकीला मी पुढच्या रांगेत बसायला सांगितलंय. ती पेला घेऊन येणार आहे.